जुनी कनेक्टेड गाडी घेताना आधीच्या मालकाचं ॲप कसं तोडायचं? आणि डीलर देतोय तो ट्रॅकर बसवावा का?

द्राक्षबाग_१५

मुंबई-आग्रा महामार्गावरच्या एका सेकंडहँड डीलरकडे २०२१ची ऑटोमॅटिक कॉम्पॅक्ट एसयूव्ही पाहिली आहे. एमएच १५ पासिंग, एकच मालक, पुश-बटण स्टार्ट, आत कंपनीचं ई-सिम. मोबाईलवरून लॉक-अनलॉक, एसी चालू करणं, गाडी कुठे आहे ते पाहणं, सगळं आहे. डीलर म्हणतो, "ॲप तुमच्या मोबाईलवर टाकलं की झालं." एवढ्यावर विश्वास बसत नाही, म्हणून हा धागा.

पहिली शंका, जुन्या मालकाच्या मोबाईलवर गाडी दिसत राहणार का, आणि ते बंद झालं याची खात्री कशी करायची? दुसरी, कसारा घाटात कुणी इंटरनेटवरून ब्रेक निकामी करू शकतो, असे व्हिडिओ फिरत असतात. त्यात तथ्य किती? तिसरी, डीलर साडेतीन हजारात जीपीएस ट्रॅकर बसवून देतोय, "चोरी झाली तर मोबाईलवरून इंजिन बंद". घ्यावा का? माहितगारांनी सविस्तर लिहावं.

कागदी_घोडा

पहिल्या शंकेपुरतं लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

ॲप म्हणजे नुसता रिमोट. खरी नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते: गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर, त्याला जोडलेलं खातं आणि त्या खात्याचा मोबाईल नंबर. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसीवर तुमचं नाव आलं, तरी सर्व्हरवर जुनंच नाव राहतं, कुणीतरी मुद्दाम बदलेपर्यंत. गाडीतलं ई-सिमही तुमच्या नावावर नसतं. ते मशीनसाठीच्या १३ अंकी नंबरांपैकी असतं आणि कंपनीने घेतलेलं असतं. त्यामुळे "सिम काढून टाकतो" हा मार्गच नाही, ते बोर्डावर झाळलेलं असतं.

क्रम असा ठेवा. पूर्ण पैसे द्यायच्या आधी जुन्या मालकाला एकदा गाडीजवळ बोलवा. त्याच्या ॲपमध्ये आधी शेअर केलेले युजर बघा. बायको, मुलगा, ड्रायव्हर, जे कोणी असतील ते एकेक करून काढायला लावा. मग त्याच्याच ॲपमधून गाडी खात्यातून काढायची किंवा मालकी हस्तांतर करायचं. कंपनीगणिक नाव वेगळं असतं, काही ठिकाणी कस्टमर केअरला फोनच करावा लागतो. नुसतं ॲप अनइन्स्टॉल करणं म्हणजे काहीच न करणं. झाल्यावर त्याला लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला सांगा. गाडी दिसायला नको. दिसली तर काम अर्धवट आहे.

यानंतर गाडीच्या स्क्रीनवर फॅक्टरी रीसेट. लोकांची गल्लत इथे होते. रीसेटने फोनबुक, कॉल लॉग, ब्लूटूथच्या जोड्या, वाय-फाय पासवर्ड आणि नकाशातले 'घर' - 'ऑफिस' पत्ते जातात, पण सर्व्हरवरची जोडणी जाईलच असं नाही. उलट सर्व्हरवरून गाडी काढली म्हणून आतली फोनबुक पुसली जात नाही. दोन्ही करायचं. डीलर "रीसेट मारलंय" म्हणतो तेव्हा त्याने बहुधा स्क्रीनवरचंच केलेलं असतं, तेही केलं असेल तर.

मालक हाती लागत नसेल (गाडी दोन डीलरांच्या हातून आली की असं होतंच), तर तुमच्या नावाची आरसी, ओळखपत्र आणि विक्रीची पावती घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून विनंती टाका आणि कंपनीलाही ईमेल करा. ईमेलमध्ये चासी नंबर लिहून "या गाडीला जोडलेली सर्व जुनी खाती व शेअर केलेले युजर काढल्याचे लेखी कळवावे" एवढं एकच वाक्य पुरे. फोनवरचं "हो सर, झालं" धरू नका. डीलरशी आधीच ठरवा की हे होईपर्यंत पाच-दहा हजार अडकवून ठेवणार. पैसे अडकले की फोन पटापट उचलले जातात.

मोफत सेवा बहुतेक तीन वर्षांची असते, म्हणजे २०२१च्या गाडीची संपलेली असेल. तरी वरचं सगळं करा. तुम्ही उद्या नूतनीकरण केलंत आणि जुनं खातं तसंच असलं, तर पैसे तुमचे आणि नकाशा त्याचा.

दोन किरकोळ गोष्टी. दोन्ही चाव्या मागा. दुसरी "हरवली" असेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या चाव्या पुसून हातातली पुन्हा शिकवून घ्या, खर्च डीलरचा. आणि जुना फास्टॅग जुन्या मालकाने बँकेकडून बंद करायचा, तुम्ही नवा घ्यायचा. नाहीतर घोटीच्या टोलवरून गेलात की मेसेज त्याला.

सातपूर_सर्किट

घाटाच्या प्रश्नाकडे येतो. तथ्य आहे, पण व्हिडिओत दाखवतात तसं नाही.

२०१५ साली चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी अमेरिकेत जीप चेरोकी मोबाईल नेटवर्कवरून ताब्यात घेऊन दाखवली. मनोरंजन प्रणालीचा एक पोर्ट (आत शिरायचं दार, क्रमांक ६६६७) नेटवर्कवर उघडा होता. तिथून आत शिरून त्यांनी कॅन बसशी (इंजिन-ब्रेकसारखे भाग जोडणारं गाडीतलं जाळं) बोलणाऱ्या चिपचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदललं. हायवेवर गाडीचा वेग मरत गेला तो गिअरबॉक्समुळे. ब्रेक निकामी करणं मात्र त्यांना फक्त कमी वेगात जमलं, कारण ज्या डायग्नोस्टिक आज्ञा त्यांनी वापरल्या त्या ईसीयू (गाडीतला नियंत्रक संगणक) गाडी वेगात असताना ऐकतच नव्हता. त्यानंतर १४ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि नेटवर्ककडून तो पोर्टही बंद झाला. आजच्या बऱ्याच गाड्यांत मनोरंजन आणि इंजिन-ब्रेक यांच्यामध्ये गेटवे (आज्ञा अडवणारा चौकीदार) बसवलेला असतो, तो याच धड्यातून.

तरीही घाटात काही विचित्र झालंच, कारण कुठलंही असो, तर ब्रेक एकाच दाबात पूर्ण मारा, पंपिंग करत बसू नका. गिअर न्यूट्रलला आणि गाडी कडेला. इंजिन लगेच बंद करू नका. बंद केलं की पॉवर स्टिअरिंग जातं आणि बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरतीच मदत उरते. पुश-बटण गाडी चालू असताना बंद करायची रीत (धरून ठेवणं की लागोपाठ दाबणं) मॅन्युअलमध्ये आहे, ती आजच वाचून ठेवा.

खरी भोकं अलीकडे गाडीत कमी आणि सर्व्हरवर जास्त सापडतात. २०१६ मध्ये निसान लीफच्या ॲपला चासी नंबर सोडून काहीच लागत नव्हतं. नंबर विंडस्क्रीनवर लिहिलेला, शेवटचे पाच आकडे बदलले की दुसऱ्याच्या गाडीचा एसी चालू आणि प्रवासाच्या नोंदी समोर. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या किआ गाड्यांबाबत संशोधकांनी दाखवलं की नुसत्या नंबरप्लेटवरून डीलरच्या पोर्टलमार्गे मालकाचं नाव-पत्ता मिळतो, शिवाय मालकाला न कळता स्वतःला युजर म्हणून जोडून गाडी अनलॉक करता येते. कंपनीने ते जाहीर होण्याआधीच बुजवलं. म्हणून घोडेरावांचा प्रतिसाद पुन्हा वाचा. गाडीला कोणतं खातं जोडलंय, सगळी मेख तिथे आहे.

आता ट्रॅकर. घेऊ नका, निदान इंजिन बंद करणारा तर नाहीच.

त्यात असतं काय? एक छोटा बोर्ड, मोबाईल सिम, जीपीएस आणि बाहेर १२ व्होल्टचा एक रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच. फिटर पेट्रोल पंपाची वायर कापून त्यात रिले घालतो. म्हणजे इंधनाचा पंप आता दोन हातजोडांवर आणि स्वस्तातल्या रिलेवर चालणार. जोड सोल्डर न करता पिळून टेप मारलेला असतो. पंपाचा प्रवाह काही अँपियर असतो, जोड तापतो, सैल होतो आणि गाडी बंद पडते. ती कधी बंद पडेल ते त्या टेपच्या हातात. इंजिन चालत्या गाडीत मेलं तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

झाली वायरिंगची गोष्ट. एसएमएसने आज्ञा घेणारे बरेच ट्रॅकर १२३४५६ हा कारखान्याचा पासवर्ड घेऊन येतात आणि फिटर तो बदलत नाही. जुलै २०२२ मध्ये बिटसाइट या सायबर सुरक्षा कंपनीने मायकोडस कंपनीच्या एमव्ही७२० ट्रॅकरमधल्या सहा त्रुटी जाहीर केल्या. त्यातली एक म्हणजे सर्वांना चालणारा एकच मास्टर पासवर्ड. तो हाती आला की कुठल्याही गाडीचं ठिकाण दिसतं आणि इंधनही तोडता येतं. तो वापरणं थांबवा, असा सल्ला बिटसाइटने दिला आणि अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनेही इशारा काढला होता.

एआयएस १४० या सरकारी मानकाचं ट्रॅकर उपकरण सक्तीचं आहे ते प्रवासी वाहतुकीच्या पिवळ्या प्लेटला. खासगी गाडीला "आरटीओचा नियम आहे" म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा. चोरीचीच धास्ती असेल तर स्टिअरिंग लॉक घ्या. आणि ट्रॅकर हवाच असेल तर रिलेशिवाय. हट्टच असेल तर रिले स्टार्टरच्या क्रँक वायरवर टाका, पंपावर नको. मग फार तर गाडी सुरू होणार नाही, चालती बंद पडणार नाही.

फ्यूज_उपट्या

एवढं डोकं कशाला लावायचं? टेलिमॅटिक्सचा (गाडीला नेटवर्कशी जोडणाऱ्या मॉड्यूलचा) फ्यूज काढा, विषय संपला. ना जुना मालक, ना कंपनी, ना हॅकर.

सातपूर_सर्किट

@फ्यूज_उपट्या, विषय संपत नाही, सरकतो. बऱ्याच गाड्यांत त्याच फ्यूजवर हँड्सफ्रीचा माइक किंवा एसओएस बटण असतं. अपघातात एअरबॅग उघडल्यावर आपोआप जाणारा कॉल त्याच मॉड्यूलमधून जातो. शिवाय डॅशवर एररचा दिवा कायमचा लागतो आणि वॉरंटी असलेल्या गाडीत सर्व्हिस सेंटर प्रत्येक बिघाडाचं खापर त्यावर फोडतं. मुख्य म्हणजे जुन्या मालकाचं खातं सर्व्हरवर तसंच राहतं. पुढचा मेकॅनिक तो रिकामा खाचा पाहून फ्यूज भरेल, त्या दिवशी सगळं पूर्ववत.

स्क्रीनवर 'लोकेशन शेअरिंग', 'डेटा शेअरिंग' किंवा 'प्रायव्हसी मोड' असेल तर तो वापरा. कंपनीला सेवा बंद करायला लेखी सांगणं हा सरळ मार्ग. एसओएसवरही फार भिस्त नको म्हणा. घाटात रेंज जाते तेव्हा ई-सिमचीही जाते. नेटवर्क असेल तिथे मोबाईलवरून ११२.

गोदाकाठ

थोडा वेगळा प्रश्न. गाडी कुटुंबातल्या एकाच्या नावावर, चालवणारी दुसरी व्यक्ती. कोण कुठे गेलं, किती वाजता, किती वेगाने, हे सगळं ॲपवाल्याला दिसतं. चालवणाऱ्याला हे कळायची काही सोय असते का? आणि डीलरने किंवा कुणी लपवून ट्रॅकर ठेवला असेल तर शोधायचा कसा?

कागदी_घोडा

ताई, पहिल्याचं उत्तर निराशाजनक आहे. मूळ खातेदाराला ठिकाण, प्रवासाच्या नोंदी, जिओफेन्सचे (गाडी ठरवलेल्या हद्दीबाहेर गेल्याचे) इशारे, वेगाचे इशारे मिळतात आणि चालवणाऱ्याला गाडीत त्याची सूचना मिळेलच असं नाही. म्हणून गाडी जी व्यक्ती रोज चालवते तिनेच मूळ खातेदार असावं आणि बाकीच्यांना गरजेपुरतं शेअर करावं. आरसी दुसऱ्याच्या नावावर असेल तर आरसीधारकाची संमती लागते, तिथे घरातल्या घरात बोलण्यावाचून इलाज नाही. जिथे हा त्रास किंवा धमकीचा भाग झाला असेल, तिथे आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मगच काही बंद करा. ॲक्सेस अचानक तोडला की समोरच्याला लगेच कळतं. तक्रार १९३० वर नको, तो क्रमांक मुख्यतः पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा थेट सायबर पोलिसांकडे करा. महिला हेल्पलाइन १८१.

आणखी एक कळीचं. ही सगळी ॲप्स मोबाईल नंबरवरच्या ओटीपीवर चालतात. नंबर बंद केला तर ९० दिवसांनंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. नंबर बदलायच्या आधी कारच्या ॲपमधला बदला. ॲपचा पिन मोबाईलच्या पिनपेक्षा वेगळा ठेवा आणि जन्मसाल नको.

सातपूर_सर्किट

ट्रॅकर शोधायचा तर वीज कुठून येते तिथून सुरू करा. बॉनेट उघडा, बॅटरीच्या टर्मिनलवर कंपनीच्या जाड वायरींशिवाय एखादी बारीक लाल वायर आणि तिच्यात छोटी फ्यूजची डबी दिसते का? मग ड्रायव्हरच्या गुडघ्यांजवळचं ओबीडी सॉकेट, मेकॅनिक तपासणीचं यंत्र लावतात ते. १६ पिनांचं, आणि १६व्या पिनेला कायम बॅटरी असते, गाडी बंद असली तरी. म्हणून तिथे लावलेलं काहीही दिवसरात्र जिवंत. मागे वाय-जोड तर नाही ना, हात घालून बघा. फ्यूज बॉक्सच्या मागे, स्टेअरिंगच्या खालच्या प्लास्टिकमध्ये, सीटखाली, मागच्या बंपरच्या आत. जीपीएसला आकाश लागतं, त्यामुळे वरती धातूचा पत्रा असेल तिथे ट्रॅकर शक्यतो नसतो, प्लास्टिक असेल तिथे असतो. चुंबकवाले मात्र चाकांच्या कमानीत आणि चासीच्या रेलवर सापडतात. कर्जावर घेतलेल्या गाड्यांत फायनान्सवाल्यांनी बसवलेले ट्रॅकर कर्ज फिटल्यावरही राहून जातात, हे डीलरला विचाराच.

ब्लूटूथ टॅगसाठी यंत्र लागत नाही. आयफोन आपोआप इशारा देतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या सुरक्षा व आणीबाणी भागात अज्ञात ट्रॅकरचा इशारा असतो, तिथून हाताने स्कॅनही करता येतो. रिकाम्या जागी करा, कॉलेज रोडला सिग्नलला उभं राहून केलंत तर शेजारच्यांचे टॅग दिसतील.

चावीबद्दल कुणी बोललं नाही. पुश-बटण गाडीची चावी सतत गाडीच्या हाकेला उत्तर द्यायला तयार असते. दाराशेजारी खुंटीला टांगलेल्या चावीचा सिग्नल दोन माणसं दोन यंत्रांनी पुढे नेऊन बाहेरची गाडी उघडतात. सिग्नल अडवणारी पाकिटं मिळतात, पण घेतल्या घेतल्या तपासा: चावी पाकिटात टाका, दारापाशी उभं राहून हँडल ओढा, दार उघडायला नको. सहा महिन्यांनी परत तपासा, घडीवर आतलं कापड तुटतं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाही चालतो, मात्र चाचणी तीच.

स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी डोंगल कायम लावून ठेवू नका. पासवर्ड १२३४ किंवा ०००० असतो आणि तो थेट कॅन बसवर बसलेला असतो. काम झालं की काढा.

नोंदवही

+१ वरच्या सगळ्यांना. माहिती कुठे जाते एवढंच जोडतो.

अमेरिकेत जनरल मोटर्सने 'स्मार्ट ड्रायव्हर' या नावाखाली जोरात ब्रेक मारणं, वेग, रात्रीचं चालवणं यांच्या नोंदी डेटा कंपन्यांना दिल्या. त्या विमा कंपन्यांपर्यंत पोचल्या आणि काहींचे हप्ते वाढले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या एफटीसीने (ग्राहकहित पाहणारी सरकारी संस्था) अशी माहिती क्रेडिट-विमा अहवाल देणाऱ्यांना द्यायला पाच वर्षांची बंदी प्रस्तावित केली. फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती क्लाउडवर उघडी सापडली, डिसेंबर २०२४. त्यातल्या साडेचार लाखांहून जास्त गाड्यांचं ठिकाण इतकं नेमकं होतं की कोण कुठे मुक्कामी आहे ते कळावं. टोयोटाच्या जपानमधल्या साडेएकवीस लाख ग्राहकांची तर दहा वर्षं. या शेवटच्या दोन्हींत हॅकर कुणीच नव्हता, क्लाउडची सेटिंग चुकली होती. म्हणजे तुम्ही कितीही जपलंत तरी कंपनीने साठवलेलं गळू शकतं. जी सेवा वापरत नाही तिची परवानगी देऊ नये, यापलीकडे आपल्या हातात फारसं नाही.

आपल्याकडे विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ पासून 'कसं चालवता' यावर आधारित विम्याला वाट दिली आहे. स्वस्त हप्त्याच्या बदल्यात डोंगल किंवा ॲप देत असतील तर नोंद किती दिवस ठेवणार आणि नूतनीकरणाला वापरणार का, हे सही करण्याआधी लेखी मागा. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण माहिती पुसून मागण्यासारख्या हक्कांची कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर ईमेलची प्रत जपून ठेवा.

द्राक्षबाग_१५

सगळ्यांचे आभार. ट्रॅकर रद्द. एकच राहिलं: गाडी रात्रभर उभी असताना कुठलं उपकरण छुपं चालू आहे का, हे मल्टिमीटरने कळेल का?

सातपूर_सर्किट

कळेल, घाई केली नाही तर. मीटर १० अँपियरच्या रेंजवर, लाल प्रोब योग्य भोकात. बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, दारं लावा, चावी पाच-सहा मीटर लांब. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मीटर मध्ये मालिकेत जोडा. या वेळी इग्निशन चालू करायचं नाही, मीटरचा फ्यूज उडेल. सुरुवातीला आकडा मोठा दिसतो, कारण सगळी मॉड्यूल्स जागी होतात. अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपियरच्या खाली स्थिरावलं तर ठीक. १००च्या वर राहिलं तर एकेक फ्यूज काढून बघा, कुठल्या फ्यूजला आकडा पडतो ते लिहून ठेवा. दर काही मिनिटांनी आकडा उसळून परत बसत असेल तर काहीतरी नेटवर्कला हजेरी लावतंय. ते कंपनीचं मॉड्यूल असू शकतं, म्हणून त्याचा फ्यूज काढून आधी तेवढं वगळा. त्यानंतरही उसळी येत राहिली तर प्लास्टिक उघडायला घ्या. बॅटरी सोडवल्यावर घड्याळ आणि काचांची ऑटो-सेटिंग जाते, काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरलं की बहुतेक गाड्यांत परत येते.